एचओएने दंडाचं पत्र पाठवलंय. भरायचा की भांडायचं?

तुमचा प्रश्न असा: कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला टाउनहाऊस घेतलं, आणि आता एचओएच्या, म्हणजे घरमालकांच्या असोसिएशनच्या (आपल्याकडची सोसायटीच म्हणा) मॅनेजमेंट कंपनीचं पत्र आलंय. दाराचं तोरण, बाहेरचा चपलांचा रॅक आणि बाल्कनीच्या कठड्यावरचे कपडे, तिन्हींचे मिळून ४५० डॉलर. भरावे का? नाही भरले तर घर जाईल का?

घर जात नाही. कॅलिफोर्नियात नियमभंगाच्या दंडासाठी असोसिएशनला कोर्टात न जाता परस्पर घराचा लिलाव काढता येत नाही. मासिक ड्यूज (म्हणजे मेंटेनन्स) थकवणं मात्र वेगळं. ती थकबाकी १,८०० डॉलरवर गेली किंवा वर्षभराहून जुनी झाली की लिलावाची वाट मोकळी होते. तेव्हा रागाच्या भरात ड्यूजचं ऑटोपे बंद करू नका. आमच्या असोसिएशनच्या बोर्डावर मी काही वर्षं होतो. दंडाच्या भांडणात ड्यूज अडवून धरणारे लोक पाहिलेत, आणि त्यांची बाजू खरी असूनही शेवटी तेच अडचणीत आले.

आता पत्र पुन्हा वाचा. त्यात हिअरिंगची तारीख, वेळ आणि जागा आहे का? नसेल तर तो दंड लागूच झालेला नाही. इथला डेव्हिस-स्टर्लिंग कायदा १९८५चा आहे. त्यानुसार दंड मॅनेजमेंट कंपनी लावत नाही, बोर्ड लावतं. त्याआधी किमान १० दिवस लेखी नोटीस द्यावी लागते, तुमच्यावर नेमका काय आक्षेप आहे ते लिहावं लागतं आणि बोर्डासमोर बोलायची संधी द्यावी लागते. चारचौघांत बोलणी नको असतील तर बंद दाराआड हिअरिंग मागता येतं.

१ जुलै २०२५ पासून यात मोठी भर पडली. एबी १३० नावाच्या विधेयकाने एका नियमभंगाला जास्तीत जास्त १०० डॉलर अशी मर्यादा घातली. असोसिएशनच्या दंडाच्या तक्त्यात त्याहून कमी रक्कम असेल तर तेवढीच. दंडावर लेट फी नाही, व्याजही नाही. अपवाद एकच: आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका असेल तर. पण तो धोका कोणता हे बोर्डाला खुल्या बैठकीत लेखी नोंदवावं लागतं, पत्रात नुसतं ‘सेफ्टी’ लिहून भागत नाही. म्हणजे तुमचे ४५० अपवादाशिवाय ३००च्या वर जाऊच शकत नाहीत. आणि सगळ्यात कामाचं कलम पुढे आहे: हिअरिंगच्या आधी चूक दुरुस्त केलीत तर दंड लावताच येत नाही.

त्यामुळे तिन्ही आक्षेपांवर एकाच जोमाने लढू नका. रॅक आजच आत घ्या. टाउनहाऊसमध्ये दाराबाहेरची जागा बहुतेक वेळा कॉमन एरियात मोडते, तिथे बोर्डाची बाजू भक्कम असते. कपड्यांचंही तेच. कायद्याने दोरीवर कपडे वाळवायचा हक्क दिलाय, पण तो स्वतःच्या वापरातल्या परसदारी. कठडा म्हणजे दोरी नव्हे, असं कायद्यातच लिहून ठेवलंय. (हे कलम लिहिणाऱ्याने मुंबईची एखादी चाळ पाहिली असावी.) दोन्हींचे फोटो काढून तारखेसह ई-मेल करा.

तोरण मात्र काढू नका. दारावर किंवा चौकटीवर श्रद्धेपोटी लावलेल्या धार्मिक वस्तूंना कॅलिफोर्नियात २०२० पासून संरक्षण आहे. सगळं मिळून ३६ बाय १२ इंचांच्या आत बसलं पाहिजे आणि दार उघडझाप करताना अडता कामा नये. आपलं नेहमीचं तोरण त्यात बसतं, तरी टेपने मोजून फोटो काढा. बाजूला गणपतीची टाइल असेल तर तीही मापात धरा. दिवाळीचा आकाशकंदील बाल्कनीत टांगलात तर हे कलम उपयोगी पडणार नाही, कारण ती दाराची चौकट नाही.

जे बोलायचं ते लेखीच बोला. पुण्यात सेक्रेटरीला जिन्यात गाठून विषय मिटतो. इथे मॅनेजरशी फोनवर झालेलं बोलणं हिअरिंगला कोणालाच आठवत नाही. जमल्यास बोर्डाच्या बैठकांची मिनिट्सही मागवून घ्या, तो सभासदाचा हक्क आहे. इतरांना झालेल्या दंडाची कागदपत्रं मिळणार नाहीत, पण नाताळात शेजारच्या दारावर रीथ (पानाफुलांची गोल माळ) असताना कोणी पत्र पाठवलं नव्हतं, हे फोटोनिशी दाखवता येतं.

हिअरिंगनंतर १४ दिवसांत लेखी निर्णय यायला हवा. पटला नाही तर ‘आयडीआर’ मागा, म्हणजे बोर्डाच्या एका सदस्यासोबत समोरासमोर चर्चा. सभासदाने मागितली तर असोसिएशनला नकार देता येत नाही, फीही घेता येत नाही. त्यानंतर स्मॉल क्लेम्स कोर्ट आहे, तिथे वकील लागत नाही. मोठ्या कोर्टात जायची धमकी मात्र जपून द्या. तिथे हरणाऱ्याला दुसऱ्या बाजूच्या वकिलाचा खर्च भरावा लागतो, आणि तो १०० डॉलरच्या कितीतरी पट असतो.

आणि हे सगळं कॅलिफोर्नियापुरतं. फ्लोरिडात दंडावर बोर्डाबाहेरच्या किमान तीन सभासदांची समिती शिक्कामोर्तब करते, टेक्ससचे नियम आणखी निराळे. तिकडच्या कोणी हे वाचत असेल तर आपल्या राज्याचा कायदा उघडून बघा.