ब्लीच ठेवा बाजूला, आधी वायपर घ्या

तुम्ही विचारलंय: अथणीहून बदली होऊन खानापूरला आलो, भाड्याचं घर आहे. शॉवरच्या कोपऱ्यात टाइल्सच्या सांध्यांवर आणि छताला काळे ठिपके येतात. दर रविवारी ब्लीच मारतो, आठ दिवसांत पुन्हा तेच. काय चुकतंय?

अथणी आणि खानापूर दोन्ही बेळगाव जिल्ह्यातच, पण अथणीकडे पाऊस कमी, तिथे भिंत आपली आपण वाळते. खानापूर सह्याद्रीच्या कडेला, धो धो पावसाचं, तिथे जून ते सप्टेंबर ती वाळतच नाही. तुमच्या ब्लीचला नावं ठेवण्यासारखं काही नाही. रविवारी ते बुरशी मारतं, आणि सोमवारी सकाळी साडेसहाला तुम्ही गरम पाण्याने तिला पुन्हा पोसायला घेता. बुरशीचे बीजाणू हवेत कायम असतात, ते कुणाला अडवता येत नाहीत. खायला साबणाचा थर आणि अंगाचं तेल मिळतं, ऊब गीझर देतो. राहिलं पाणी. यातलं रोजच्या रोज काढून टाकता येईल असं ते एकच आहे.

मी बेळगावात अनगोळला राहतो, उद्यमबागेत फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात नोकरी. साच्याच्या वाळूत तीन-चार टक्के पाणी लागतं. थोडं वाढलं की त्याची वाफ होऊन ओतलेल्या कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे पोकळ भोकं पडतात आणि माल रिजेक्ट. मूठभर वाळू दाबून ओल किती ते सांगायची सवय हाताला लागलीय. तरी घरच्या बाथरूममध्ये ती अक्कल यायला मला दोन पावसाळे लागले. तोवर माझंही तुमच्यासारखंच होतं. रविवार आला की तोंडाला रुमाल, हातात ब्रश, आणि दुपारी जेवताना बोटांना ब्लीचचा वास.

मग काचा पुसायचा फूटभर रबरी वायपर आणून शॉवरशेजारी हुकाला टांगला. जो शेवटी आंघोळ करेल त्याने वरून खाली ओढायचं. आधी भिंती, मग नळामागचा कोपरा, मग फरशी. मिनिट-दीड मिनिटाचं काम. एकदा कुतूहल म्हणून भिंतीवरून ओढलेलं पाणी भांड्यात धरून बघितलं, पाव तांब्या भरलं. ते भिंतीवर राहिलं असतं तर दिवसभर त्याच खोलीत वाफ होऊन फिरलं असतं आणि थंड छताला जाऊन बसलं असतं. छतावर शॉवर उडत नाही तरी ठिपके का, याचं उत्तर हेच. आईने पहिले काही दिवस "काय रे, सारखं पुसालास?" म्हणून विचारलं, आता तीच मुलीला ओरडते, वायपर मारली नाहीस म्हणून.

पंख्याबद्दल बरेच जण म्हणतात, बाहेरच धो धो पाऊस, हवा ओली, मग एक्झॉस्ट लावून काय उपयोग? उपयोग आहे. २२ अंशाच्या हवेत घनमीटरला फार तर १९ ग्रॅम वाफ मावते, ३० अंशाच्या हवेत ३० ग्रॅम. गरम पाण्याची आंघोळ झाल्यावर आतली हवा या दुसऱ्या प्रकारची असते. म्हणजे पावसातली गार हवा आत घेतली तरी खोलीतली वाफ कमीच होते. मात्र त्या हवेने भिंत अथणीसारखी खडखडीत वाळेल ही आशा जुलैत धरू नका, म्हणून तर आधी वायपर. पंखा आंघोळ सुरू करतानाच लावा आणि नंतर वीस मिनिटं तरी चालू ठेवा. दाराखाली बोटभर फट हवी, नाहीतर पंखा नुसता घरघरतो, हवा येणार कुठून? भाड्याच्या घरात पंखा नसेल तर दार सताड उघडं टाका आणि हॉलमधला टेबलफॅन तिकडे तोंड करून ठेवा.

आणि पावसाळ्यात बाथरूममध्ये कपडे वाळत घालू नका. घरोघरी तेच होतं, माहीत आहे. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून पाण्याचं पिंपही बाथरूममध्येच, तेही बहुतेक ठिकाणी उघडं. पिंपाला झाकण घाला, कपडे पंख्याखाली दुसऱ्या खोलीत न्या.

आई सांगते, आमच्या जांबोटीकडच्या जुन्या घरी न्हाणीत कधी काळं आलं नाही. आधी मला वाटायचं, आठवणीतलं सगळं स्वच्छच असतं. मग विचार केला. तिथे चुलीवर तांब्याचा हंडा बसवलेला होता, रोज पहाटे तासभर जाळ. वर कौलं, धूर आणि वाफ दोन्ही फटीतून बाहेर. भिंतींना दरवर्षी दिवाळीआधी चुना. ताजा चुना इतका तीव्र अल्कली असतो की त्यावर बुरशी धरत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत त्याचा पुन्हा चुनखडीचा दगड होतो आणि तो जोर जातो, म्हणून दर वर्षी नवा हात. अंगाला साबण कमी, शिकेकाई जास्त. आपण जाळ काढला, कौलं काढली, चुना काढला, वर स्लॅब टाकला, हातभर खिडकी ठेवली आणि आत गीझर लावला. न्हाणी गेली, फक्त प्लंबरच्या तोंडी जाळीखालच्या भांड्याला अजून नहाणी ट्रॅप म्हणतात तेवढी राहिली.

आता जे काळं आधीच आलंय ते काढायचं कसं? कोरडा ब्रश घासू नका, बीजाणू घरभर उडतात. कुणाला दमा असेल तर त्याला त्या वेळी बाहेर पाठवा. आधी साबणाचा थर काढा, कारण ब्लीचची अर्धी ताकद त्या थरातच संपते. बोअरचं पाणी जड असलं तर त्यातला कॅल्शियम साबणाशी मिळून न विरघळणारा पांढरट चिकट थर करतो, तो नुसत्या पाण्याने जात नाही. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून काथ्याने घासा, धुऊन टाका. मग ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, एक भाग आणि पाणी दहा भाग. लावून दहा मिनिटं थांबा, घासा, भरपूर पाण्याने धुवा, वायपर मारा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.

पांढरे क्षार, शॉवरच्या तुंबलेल्या भोकांतले खडे, नळावरचे डाग हे वेगळं प्रकरण. त्यांना आम्ल लागतं. किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळतं, तेच सायट्रिक ॲसिड. दोन चमचे कोमट पाण्यात विरघळवून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवी शॉवरला बांधा, रात्रभर राहू द्या. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढणारे व्हिडिओ बघितले असतील. फेस छान दिसतो, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात, उरतं ते जवळजवळ मिठाचं पाणी.

आम्लाचा दिवस वेगळा, ब्लीचचा दिवस वेगळा. हे मी शहाणपणाने सांगत नाही. एकदा टॉयलेट साफ करायचं ॲसिड टाकून ठेवलं होतं, विसरलो, आणि शेजारी ब्लीच ओतलं. ॲसिड आणि ब्लीच मिळून क्लोरीन वायू सुटतो. छाती आवळली, डोळ्यांतून पाणी, कसाबसा अंगणात आलो आणि तासभर खोकत बसलो. बायकोने त्या दिवसापासून दोन्ही बाटल्या घराच्या दोन टोकांना ठेवल्यात. अमोनियाच्या क्लीनरबरोबरही ब्लीच नको. आणि ते जळजळीत ॲसिड टाइल्सवर तर नकोच, सांध्यातलं सिमेंट खाऊन टाकतं, मग तिथे पाणी आणखी मुरतं.

सांधे पांढऱ्या सिमेंटने भरलेले असतील, बहुतेक ठिकाणी तसेच असतात, तर ते स्पंजासारखे असतात. ब्लीचने वरचा रंग उडतो, आतलं तसंच राहतं. तुमच्या आठ दिवसांचं हे एक मोठं कारण असणार. कायमचा उपाय म्हणजे दोन-तीन मिलिमीटर खरवडून एपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांध्यात भरायचा पाणी न पिणारा मसाला, भरणं. घरमालकाशी बोलून बघा, शॉवरच्या एका कोपऱ्यापुरतं फार काम नाही. सिलिकॉनची पट्टी आतून काळी झाली असेल तर घासत बसू नका, ब्लेडने कापून काढा, दोन दिवस कोरडं ठेवून नवी भरा. छताला रंग द्यायचा तो बुरशी मारून, वाळवून मगच. वरून रंग फासला तर ती महिन्याभरात डोकं वर काढते.

गुलाबी चिकट थर दिसला तर घाबरू नका, ती बुरशी नव्हे, जिवाणू असतात. साबणाच्या डबीखाली हमखास. धुण्याच्या सोड्याने घासलं की जातात. साबणाला भोकं असलेली जाळी घ्या. आणि दिवाळीत तेल-उटण्याच्या आंघोळी झाल्या की त्या दिवशी फरशीवर आणि जाळीत गरम सोड्याचं पाणी ओताच, तेल आणि बेसन म्हणजे बुरशीला फराळच.

एक तांब्या पाणी कोपऱ्यात ओतून बघा, ते जाळीकडे जातंय का. माझ्या घरी फरशी बसवणाऱ्याने उतार उलटा दिला होता, पाणी भिंतीच्या कडेला थबकायचं. दोनदा सांगूनही आला नाही, शेवटी दुसऱ्या गवंड्याकडून तेवढा कोपरा उकरून घेतला.

आता तुमच्या घराबद्दल एक खरी शंका. खानापुरात बऱ्याच भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या असतात, आणि चिरा पाणी पितो. तुमची शॉवरची भिंत पश्चिमेकडची, पाऊस झोडपणारी असेल तर ओल बाहेरून येत असेल, मग आत कितीही पुसा. टाइल्सच्या वर, प्लास्टरवर, हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टीने बंद करून लावा आणि दोन दिवस राहू द्या. प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला थेंब आले तर ती तुमचीच वाफ, वरचं सगळं करा. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर ओल भिंतीतून येतेय, आणि मग बाहेरून पत्रा मारणं किंवा प्लास्टर दुरुस्त करणं हे मालकाचं काम. कुठल्या बाजूला थेंब दिसले ते इथेच खाली लिहा, भिंतीचं त्यानंतर बघू.