हिब्रू संदेष्ट्यांच्या वचनांचा पापक्षमेशी ख्रिस्ती लोक कसा संबंध जोडतात?
हा संबंध मुख्यतः यिर्मया या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या 31व्या अध्यायातून जोडला जातो: तेथे परमेश्वर नवा करार करण्याचे आणि लोकांचे पाप पुन्हा न स्मरण्याचे वचन देतो, व वधस्तंभावर जाण्याआधी शिष्यांसोबतच्या शेवटच्या भोजनात येशूने प्याला देताना आपले रक्त पापांच्या क्षमेसाठी ओतले जात असल्याचे सांगितले (मत्तय 26:28), तेव्हा ते वचन पुरे झाले, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. नव्या करारातील (बायबलच्या ख्रिस्ती भागातील) इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या 8व्या व 10व्या अध्यायांत यिर्मयाचेच शब्द उद्धृत केलेले आहेत. दुसरा धागा शुद्धीकरणाचा: यहेज्केल या संदेष्ट्याच्या ग्रंथात (36:25) परमेश्वर लोकांवर शुद्ध पाणी शिंपडण्याचे वचन देतो. बाप्तिस्म्याचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेशाच्या पाण्याच्या विधीचा, अर्थ सांगताना हे वचन बहुधा पुढे येते. हे सारे अर्थातच ख्रिस्ती वाचन आहे. यिर्मयाच्या मूळ वचनातला करार इस्राएल व यहूदा या घराण्यांशी आहे, आणि यहुदी परंपरा तो तसाच वाचते.