आधी बिलं बघ, मग पंख

भाऊ, घरी बांधायच्या विमानाचं अर्धवट जोडलेलं किट स्वस्तात मिळतंय म्हणून लगेच ट्रक पाठवू नको. आधी कागद माग: कंपनीचं मूळ बिल, पहिल्या मालकाने तुला विकल्याची पावती, माल बाहेरून आला असेल तर कस्टमचे कागद. मधली एक कडी तुटली की मालकी सिद्ध करता करता दम निघतो. मी घेतलेल्या इंजिनाच्या बिलावर सिरीयल नंबरच नव्हता आणि विकणारा गाव सोडून गेलेला. आठ महिने नुसते हेलपाटे.

त्याहून मोलाची पहिल्या मालकाची कामाची वही, म्हणजे कधी काय जोडलं याची नोंद. अमेरिकेत असं विमान ‘हौशी बांधणीचं’ म्हणून धरायला निम्म्याहून जास्त काम हौशी हातांनी झाल्याचा पुरावा लागतो, आधीच्या हौशी मालकाचं कामही त्यात धरतात. आपल्याकडेही पंखाचा पत्रा रिव्हेटने बंद झाला की आतल्या रिबा, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आडव्या पट्ट्या, कुणाला दिसणार? म्हणून बंद करण्याआधी फोटो काढ, शेजारी त्या दिवसाचा पेपर ठेव. वहीच नसेल तर मी तरी रिव्हेट ड्रिलने काढून आत बघेन. कंटाळवाणं काम आहे, पण करेन.

आणि डीजीसीएकडून (विमान वाहतूक महासंचालनालय) ‘व्हीटी’ची, म्हणजे भारतीय नोंदणीची, अक्षरं मिळाली म्हणजे उडायला मोकळा झालास, असं नाही. ती परवानगी वेगळी. मुंबईत घराच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांचंच बघ: विमानाची नोंदणी २०१७ ची, चाचणी उड्डाणं २०२० मध्ये, तीही आपल्या धुळ्यात.

किट फायबरचं असेल तर मे महिन्यात दुपारी इपॉक्सी (फायबर चिकटवायचं, कालवल्यावर घट्ट होणारं रसायन) कालवू नको. जळगावच्या उन्हात ते ब्रश लावायच्या आत कपातच तापून घट्ट होतं.