गायलो, गायचो आणि स्पॅनिशचं 'कांतार'

प्रश्न : बाई, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात डिस्पॅचला काम करते. आमचा माल मेक्सिकोला जातो, म्हणून दीड वर्ष झालं मोबाईलवर स्पॅनिश शिकतेय. नियमित क्रियापदांचे तक्ते पाठ आहेत, पण लिहायला बसलं की सगळे काळ एकमेकांत मिसळतात. गेल्या महिन्यात साहेबांनी सोमवारी नमुने पाठवले. मी गुरुवारी गिऱ्हाइकाला मेल केला, 'मांदो लास् मुएस्त्रास् एल् लुनेस्'. तिकडून उत्तर आलं, 'ठीक आहे, सोमवारची वाट बघतो.' नमुने तर निघून तीन दिवस झाले होते! माझं काय चुकलं? आणि भूतकाळाला दोन-दोन रूपं कशाला? कुठलं कुठं वापरायचं ते सांगा.

उत्तर : मुली, आधी तुझा मेल बघू. 'मांदार' म्हणजे पाठवणं. 'मांदो' म्हणजे 'मी पाठवते'. तुला म्हणायचं होतं 'त्यांनी पाठवले', म्हणजे 'मांदोऽ'. अक्षरं तीच, फक्त शेवटच्या 'ओ'च्या डोक्यावर एक तिरकी रेघ. (या उत्तरात जिथे ती रेघ आहे तिथे मी अवग्रह, म्हणजे ऽ, देते. तिथं स्वर लांबवायचा नाही, ठासून म्हणायचा.) रेघ नाही म्हटल्यावर तुझ्या गिऱ्हाइकानं वाचलं, 'सोमवारी नमुने पाठवते.' आपणसुद्धा 'सोमवारी पाठवते' म्हटलं की येणारा सोमवारच समजतो ना? स्पॅनिशमध्येही वर्तमानकाळ तसाच पुढच्या दिवसासाठी चालतो. म्हणजे त्यानं बरोबरच वाचलं. ती रेघ शोभेची नाही. करणारा कोण आणि काळ कुठला, दोन्ही तिच्यावर ठरतं.

आता काळांकडे येऊ. क्रियापद मी गाण्याचं घेते, 'कांतार'. शेवटचा 'आर' काढला की 'कांत' उरतो, आणि त्याला शेपट्या लागतात. वर्तमानकाळात मी कांतो, तू कांतास, तो किंवा ती कांता, आम्ही कांतामोस, ते कांतान. स्पेनमध्ये 'तुम्ही सगळे'साठी 'कांताऽइस' असं आणखी एक रूप आहे. मेक्सिकोत ते बोलण्यात नाही, तिथं सगळ्यांना 'उस्तेदेस' म्हणतात आणि क्रियापद 'कांतान' हेच. तुझं काम मेक्सिकोशी आहे, तेव्हा ते रूप वाचून ओळखता आलं तरी पुरे.

या शेपट्यांशी आपली जुनी ओळख आहे. 'तू गातोस', 'तू जातेस' यातला 'स' बघ, आणि 'कांतास' मधला 'स' बघ. दहावीला संस्कृत घेतलं असशील तर 'गायसि, गायन्ति' आठव. 'गायसि'चा 'स' कांतासमध्ये आहे, 'गायन्ति'चा 'न' कांतानमध्ये. स्पॅनिश लॅटिनमधून आली, आणि लॅटिन आणि संस्कृत एकाच कुळातल्या, त्यामुळे हा योगायोग नव्हे. पुढे जवळजवळ प्रत्येक काळात 'तू'ला 'स' आणि 'ते'ला 'न' भेटत राहील. एकच जागा सांभाळ. 'तू गायलास' याला स्पॅनिशमध्ये 'कांतास्ते', शेवटी 'स' नाही. तिकडची माणसंसुद्धा बोलताना तिथं 'स' लावतात आणि शाळेत मार खातात.

भूतकाळाच्या दोन रूपांचा प्रश्न मात्र मला फार जवळचा आहे. मी वडगावची. पुण्यात नोकरी करता करता संध्याकाळच्या वर्गाला स्पॅनिश शिकले. शिकवणं इंग्रजीतून होतं. इंग्रजीत एकाच साध्या भूतकाळी रूपात 'गायलो'ही बसतं आणि 'गायचो'ही, त्यामुळे स्पॅनिशच्या दोन भूतकाळी रूपांतलं कांतेऽ कुठं आणि कांताबा कुठं, हे मला वर्षभर उमगलं नाही. मी नियमांची यादी करून भिंतीवर चिकटवली होती. मे महिन्यात घरी आले. दुपारी आई उंबऱ्यात बसून शेजारच्या कन्नड काकूंना आमच्या आज्जीबद्दल सांगत होती. आज्जी पहाटे जात्यावर बसली की, 'हाडुत्तिद्दरु'. मग माझ्याकडं वळून म्हणाली, 'गायची की गं आज्जी, तुला आठवत नाही?' आणि पुढं, 'तुझे आजोबा गेले त्या दिवसापासनं एकदाच गायली, तुझ्या बारशाला.'

तिथंच माझी गाठ सुटली. 'गायची' म्हणजे कांताबा. 'एकदा गायली' म्हणजे कांतोऽ. मी पुण्यात जे वर्षभर शोधत होते ते आईच्या दोन वाक्यांत होतं.

तेव्हा तू इंग्रजीतून जाऊच नकोस. 'गायलो, गायलास, गायली' असं ज्याचं मराठी होतं, म्हणजे गोष्ट झाली आणि संपली, तिथं कांतेऽ, कांतास्ते, कांतोऽ, कांतामोस, कांतारोन. 'गायचो' किंवा 'गात होतो' असं जिथं मराठी होतं, तिथं कांताबा, कांताबास, कांताबा, कांताऽबामोस, कांताबान. तुला कन्नड येत असेल, खानापूरची म्हणजे येणारच, तर आणखी सोपं. मराठीत 'गायचो' आणि 'गात होतो' अशी दोन रूपं होतात, कन्नडमध्ये दोन्हींना एकच, 'हाडुत्तिद्दे'. स्पॅनिशचं कांताबा अगदी तसंच आहे. 'हाडिदे' म्हणजे कांतेऽ, 'हाडुत्तिद्दे' म्हणजे कांताबा. हे दोन जोड वहीच्या पहिल्या पानावर लिही.

एक उदाहरण आपल्याच मातीतलं घेऊ. कुमार गंधर्व सुळेभावीचे, जन्म 1924 चा. 'कुमारजी लहानपणीच मैफलीत गायचे' याला 'दे नीन्यो कांताबा'. 'त्या दुपारी ते भीमपलास गायले' याला कांतोऽ. 'मी पोचले तेव्हा ते गात होते' यात दोन्ही येतात. गाणं चालू होतं म्हणून कांताबा, आणि पोचणं एका क्षणाचं म्हणून 'येगेऽ'. वाक्य झालं 'कांताबा क्वान्दो येगेऽ'. असं वाक्य स्वतःचं तयार कर, रोज एक.

आणखी एक सांगते, कारण त्यावरून मी वसतिगृहात पुष्कळ बोलणी खाल्ली. आपल्याकडच्या पोरी 'मी जातो, मी खातो' म्हणतात. पुण्यात मला सगळ्यांसमोर सुधारलं जायचं, आणि मी बोलायचीच थांबले होते. स्पॅनिशमध्ये 'कांतो' बाईनं म्हटलं काय, पुरुषानं म्हटलं काय, एकच. कन्नडमध्ये 'नानु हाडुत्तेने'लाही बाई-पुरुष नाही. आपल्या भागातली बोली या बाबतीत जगात एकटी नाही, हे कळल्यावर मला किती बरं वाटलं ते कसं सांगू! तू 'मी पाठवतो' म्हणत असशील तर खुशाल म्हण. आणि 'काय करूलास?'ला 'गाऊलोय' असं उत्तर देत असशील, तर त्याचं स्पॅनिश 'एस्तोय् कांतांदो'. तेही तुला आयतं मिळालं.

भविष्यकाळ सगळ्यात सोपा. इथं 'आर' काढायचा नाही, अख्ख्या 'कांतार'लाच शेपूट लागते : कांतारेऽ, कांताराऽस, कांताराऽ, कांतारेमोस, कांताराऽन. या शेपट्या जुन्या 'असणे-बाळगणे' अर्थाच्या क्रियापदाच्या आहेत, 'गाणं माझ्याकडं आहे' असं काहीसं, आणि त्या सगळ्या क्रियापदांना सारख्याच, नियमित असोत की अनियमित. त्याच 'कांतार'ला 'ईऽआ' जोडला की कांतारीऽआ, 'गाईन हो, पण…' असं. कामाच्या पत्रात विनंती करायला हे रूप छान, गिऱ्हाईक खूश होतं.

'गायलोय' हे मात्र दोन शब्दांत, 'ए कांतादो'. मेक्सिकोत त्याऐवजी बऱ्याचदा साधं कांतेऽच वापरतात, म्हणून तूर्त त्यात वेळ घालवू नकोस.

'एर' आणि 'ईर'वाली क्रियापदं, कोमेर म्हणजे खाणं आणि विवीर म्हणजे राहणं, यांच्या भूतकाळाच्या शेपट्या सारख्या आहेत. 'मी खाल्लं' कोमीऽ, 'त्यानं खाल्लं' कोमिओऽ. 'खायचो'ला कोमीऽआ, 'राहायचो'ला विवीऽआ. आणि एक मोठी सवलत : 'गायचो'च्या या काळात सगळ्या भाषेत फक्त तीन क्रियापदं अनियमित आहेत, असणं, जाणं आणि बघणं. नवखी माणसं या काळाला उगाच भितात.

पाठ कसं करायचं, तर बसून नाही. माझ्याकडं टिळकवाडीत शिकायला येणारी मुलं रेल्वे गेट पडलं की गाडीवर बसल्या बसल्या बोटांवर मोजतात, अंगठ्याला मी, तर्जनीला तू. रेल्वे जाईपर्यंत एक काळ होतो. तू सकाळी खानापूरहून बसनं येत असशील. एक फेरी, एक काळ, एकच क्रियापद. दुसरं क्रियापद महिनाभर घेऊ नकोस. आणि तोंडानं म्हण, जोर कुठं पडतो ते कानाला कळलं पाहिजे. तुझी चूक डोळ्याची नव्हती, कानाची होती. 'मांदोऽ' एकदा मोठ्यानं म्हटलं असतंस तर रेघ आपोआप आली असती.

प्रश्न : बाई, 'उस्तेद'ला, म्हणजे एकाच माणसाला आदरानं म्हणायच्या 'तुम्ही'ला, 'तू'चं रूप न लावता 'तो'चं का लावतात? (याच वाचक)

उत्तर : कारण तो शब्द मुळात 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या दरबारी संबोधनातून झिजून आला. समोरच्याला 'तो' केल्यासारखं बोलायचं. आपण नाही का म्हणत, 'रावसाहेबांनी चहा घ्यावा'? रावसाहेब समोरच बसलेले असतात. गिऱ्हाइकाशी नेहमी हेच वापर, 'उस्तेद कांता'.

आता तुझा मेल असा लिही : 'एल् हेफे मांदोऽ लास् मुएस्त्रास् एल् लुनेस्.' साहेबांनी सोमवारी नमुने पाठवले. 'हेफे'चा 'ह' घशातून काढ, आणि रेघ विसरू नकोस.