अलिबागचं दार कुठे गेलं?

प्रश्न : लहानपणी मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस, तिथून एसटीने अलिबाग, असे आम्ही आजोळी जायचो. यंदा नातवंडांना गाव दाखवायचंय. ओळखू येईल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : येईल, पण दार बदललंय. पूर्वी सगळ्यांची वाट आमच्या एसटी स्टँडवर येऊन थांबायची. मार्च २०२० पासून त्याच भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या वाहणारी रो-रो बोट येते. बोटीच्या पोटातून गाडी निघते ती थेट आवास, सासवणे, किहीमच्या बंगल्यांत शिरते. स्टँड तिथून वीसेक किलोमीटरवर. ‘अलिबागला जाऊन आलो’ म्हणणाऱ्या कितीकांनी तो पाहिलेलाही नसतो!

गावातल्या पोफळीच्या वाड्या, म्हणजे बागा, मात्र विरळ झाल्या. सगळं खापर बिल्डरांवर नको. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळात आमच्या परसातल्या एकवीस पोफळी आडव्या झाल्या. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं. खोलीला पुढच्याच मे महिन्यात गिऱ्हाईक. मी वाडी लावू म्हणत राहिलो, धाकट्याने तीन खोल्या बांधल्या. विहिरीवर पंप बसला. रहाट अंगणात आहे, पाहुणे त्याला टेकून फोटो काढतात.

आजोळ कुठल्या आळीत होतं? इस्रायल आळीत असेल तर सिनेगॉग जागेवर आहे. बेने इस्रायली कुटुंबं बहुतेक इस्रायलला गेली. चुंबकीय वेधशाळाही आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्याने वेध बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ती मुंबईतल्या कुलाब्याहून इकडे आणली.

मुलांना आमच्या किनाऱ्यासमोरच्या, समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात न्याच; ओहोटीला तिथे चालत जाता येतं. त्यासाठी मोबाइल नको, कालनिर्णय बघा. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. चतुर्थीला भरती तीनला, म्हणजे ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास. आठलाच किनाऱ्यावर उभे राहा, घोडागाडीवाला ‘चला’ म्हणाला की निघा. आत गणपतीपुढच्या पुष्करणीचं पाणी गोडं आहे. चहूबाजूंनी खारं आणि हे गोडं कसं, हे मुलं तुम्हालाच विचारतील. उत्तर तयार ठेवा. आणि परतताना पाणी गुडघ्याच्या वर दिसलं तर हट्टाने चालत येऊ नका.