वाचकांचे प्रश्न : एकाच पदवीत कोड आणि कला

मुलगी दहावीत आहे. चित्र काढणं आणि कॉम्प्युटर, दोन्ही तिला सोडायचं नाही. क्लासवाले म्हणतात सायन्स घ्या, घरचे म्हणतात आर्ट्‌स घेतलं तर दारं बंद होतील. अकरावीला काय घ्यावं? (एक पालक, दादर)

शाखेपेक्षा गणित आहे की नाही, हे जास्त महत्त्वाचं. आपल्या राज्य मंडळात आर्ट्‌सलाही गणित घेता येतं, पण प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालय ते शिकवत नाही. म्हणून ऑनलाइन अर्जात पसंतीक्रम भरण्याआधी कॉलेजात जाऊन विषयांच्या जोड्या विचारून या. मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला बारावीला गणित लागतं. बीटेकच्या वाटेने जायचं तर भौतिकशास्त्रही लागतं, आणि तिथे मात्र क्लासवाल्यांचं बरोबर आहे.

आता दारं कोणती ते पाहू. पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागाच्या बीडेस या पदवीला ‘यूसीड’ परीक्षेतून प्रवेश मिळतो. ही परीक्षा जानेवारीत होते आणि कोणत्याही शाखेचा बारावीचा विद्यार्थी ती देऊ शकतो, मात्र दोनदाच आणि तेही लागोपाठच्या वर्षांत. भाग ‘अ’ संगणकावर, 2 तास, 200 गुण. भाग ‘ब’ कागदावर, 1 तास, 100 गुण. ‘अ’मध्ये पुरेसे गुण नसतील तर ‘ब’ची उत्तरपत्रिका तपासलीच जात नाही. चित्रकला उत्तम असलेली मुलं नेमकी इथेच गळतात, कारण ‘अ’ भागात आकृत्यांचं अवकाशज्ञान, तर्क आणि निरीक्षण असतं. त्याचा सराव वेगळा करावा लागतो. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या ‘अ’ श्रेणीचे गुण दहावीच्या निकालात मिळतात, यूसीडला त्यांचा उपयोग नाही.

मात्र बीडेस ही डिझाइनची पदवी आहे, कॉम्प्युटर सायन्सची नव्हे. दोन्ही खरोखर एकत्र हवं असेल तर मुंबईबाहेर पाहावं लागतं. दिल्लीच्या आयआयआयटीत, म्हणजे माहिती-तंत्रज्ञान संस्थेत, ‘कॉम्प्युटर सायन्स अँड डिझाइन’ आणि ‘कॉम्प्युटर सायन्स अँड सोशल सायन्सेस’ असे दोन बीटेक आहेत, प्रवेश जेईई मेनवर. हैदराबादच्या आयआयआयटीत पाच वर्षांत कॉम्प्युटर सायन्सचं बीटेक आणि संगणकीय भाषाविज्ञान किंवा मानव्यविद्या यांतलं संशोधनावर आधारित एमएस होतं. त्यासाठी ‘यूजीईई’ ही त्यांची स्वतःची परीक्षा आहे. एमएससाठी प्रबंध लिहावा लागतो. कोडिंग जमतं पण चाळीस पानं लिहायचा कंटाळा आहे, अशांनी तिकडे फिरकू नये.

नाव पाहून भुलू नका, क्रेडिटचा, म्हणजे कोणत्या विषयाला किती भार दिलाय त्याचा, तक्ता मागा. दोन विषय शेजारी ठेवलेत की एकमेकांत मिसळलेत, ते त्यात दिसतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी दोन्ही विभागांचे शिक्षक मिळून तपासतात असा एक तरी प्रकल्प असावा. तसा नसेल तर त्या पदवीत सकाळी प्रोग्रॅमिंग आणि दुपारी कलेचा इतिहास, एवढंच होतं.

मी बीएस्सी सीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. साहित्य किंवा संगीत मायनर हवं होतं, कॉलेज म्हणतं उपलब्ध नाही. काय करता येईल? (एक विद्यार्थी, ठाणे)

नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत मायनर (दुय्यम विषय) असतं हे खरं, पण कोणतं द्यायचं ते कॉलेज आपल्याकडचे शिक्षक आणि वेळापत्रक पाहून ठरवतं. सीएसची प्रॅक्टिकलं बहुधा दुपारी, आर्ट्‌सची लेक्चर सकाळी, आणि तासांची गाठ पडत नाही. तिथे भांडून उपयोग नाही. मुक्त निवडीचा विषय, म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, मात्र मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, बाहेरच्या विद्याशाखेतलाच घ्यावा लागतो, तेव्हा ती जागा नीट वापरा. बहुतेक मुलं ‘सोपा कुठला’ एवढंच विचारतात आणि ही क्रेडिट्स वाया घालवतात. 1 क्रेडिट म्हणजे लेक्चरचे 15 तास किंवा प्रॅक्टिकलचे 30, हे लक्षात ठेवून हिशेब करा.

दुसरी सोय अशी की 2022 पासून यूजीसीने एका वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे. दोन्ही प्रत्यक्ष वर्गातल्या असतील तर वेळा एकमेकांवर येता कामा नयेत, किंवा एक प्रत्यक्ष आणि एक ऑनलाइन अथवा दूरस्थ चालते. उलट्या दिशेने, म्हणजे बीए करता करता आयआयटी मद्रासचं ऑनलाइन डेटा सायन्सचं बीएस, हेही शक्य आहे. त्याला जेईई लागत नाही, बारावी उत्तीर्ण आणि दहावीला गणित-इंग्रजी, एवढं पुरतं. आधी चार आठवड्यांची पात्रता फेरी, मग पायाभूत टप्प्यात आठ विषय, संपूर्ण पदवीला 142 क्रेडिट्स. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊनच द्याव्या लागतात. प्रत्येक विषयाला आठवड्याचे साधारण दहा तास धरा. कॉलेज सांभाळून एका सत्रात दोनच विषय घ्या. चार घेणाऱ्यांचं ‘गणित-दोन’ हा त्यातला विषय हमखास मागे राहतं, आणि लोकलमधल्या अभ्यासावर तो सुटत नाही.

पदवीनंतर डिझाइनकडे वळायचं असेल तर ‘सीड’ परीक्षा आहे. तीन वर्षांचा पदवीधर ती देऊ शकतो, पण एमडेस या डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीच्या प्रवेशासाठी प्रत्येक संस्थेची पात्रता वेगळी असते. ती आधी वाचा, फी नंतर भरा.

मराठी घेऊन बीए करते आहे, गणित दहावीपर्यंतच. भाषा आणि संगणक यांत काही करता येईल का? (एक विद्यार्थिनी, बोरिवली)

येईल, आणि तुमच्याकडे जे आहे ते सीएसच्या बहुतेक मुलांकडे नाही. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेपासून सुरुवात करा आणि पहिल्याच आठवड्यात ‘ज्ञानेश्वरी’ या शब्दाची लांबी विचारा. आपण चार अक्षरं मोजतो, संगणक सांगतो 11, कारण तो ज, हलन्त, ञ, काना असे सगळे तुकडे वेगवेगळे मोजतो. शब्द उलटा करायला सांगा, मात्रा भलत्याच जागी जाऊन बसतात. ‘तऱ्हा’ हा शब्द दोन प्रकारे साठवता येतो : एकदा खालच्या टिंबाच्या ऱ-ने, एकदा साध्या र-नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एक सापडतो, दुसरा नाही. युनिकोड या अक्षरं साठवायच्या पद्धतीचं नेहमीचं प्रमाणीकरणही (एकच अक्षर एकाच रूपात आणणं) हा फरक मिटवत नाही, तो बदल तुम्हालाच लिहावा लागतो.

पुढची पायरी सामान्यरूपाची. ‘घरासमोरच्यांनी’ या शब्दाचे नुसते प्रत्यय छाटले की ‘घरा’ उरतं, ‘घर’ नाही. ‘मुलाला’ हे मुलगाचं रूप की मूलचं, ते वाक्य पाहिल्याशिवाय कळत नाही. इथे व्याकरण शिकलेल्या माणसाची गरज पडते.

पहिला प्रकल्प लहान ठेवा. विकिस्रोतावरून स्वामित्वहक्क संपलेल्या गद्याची 200 वाक्यं घ्या. लेखकाच्या मृत्यूला 60 वर्षं उलटली आहेत ना, ते पाहा. प्रत्येक शब्दाला नाम, क्रियापद असं लेबल हाताने लावा. मैत्रिणीलाही तीच वाक्यं द्या, तुमची लेबलं तिला न दाखवता. मग दोघींचं किती जुळलं ते मोजा आणि जिथे जुळलं नाही तिथे नियम लिहा. तो नियमांचा कागद हेच खरं काम, मुलाखतीत तोच दाखवा. गणितात संभाव्यता आणि मॅट्रिक्स हवेत, ते अकरावी-बारावीच्या पुस्तकांतून सहा महिन्यांत होतात.

अक्षरांचीच आवड असेल तर फॉन्टकडेही वळता येतं. विंडोजमधला ‘मंगल’ ज्यांनी घडवला ते र. कृ. जोशी कवी आणि सुलेखनकार होते, आयडीसीत शिकवत. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचा ‘मुक्ता’ हा फॉन्ट मुक्त परवान्याचा आहे, तो उघडून जोडाक्षरांचे नियम कसे लिहिलेत ते वाचा.

या अभ्यासाला महागडा, ग्राफिक कार्डवाला लॅपटॉप लागतो का? (एक वाचक, कुर्ला)

पहिली दोन वर्षं नाही. 16 जीबी रॅम आणि एसएसडी घ्या. थ्रीडी अॅनिमेशन किंवा गेम निवडलात तर तेव्हा पाहा.