प्रिन्सिपल झालीस तरी आठवीचं गणित सोडायचं नाही

प्रिय बाळा,

तुझा व्हॉइस मेसेज रात्री ऐकला, सकाळी परत ऐकला. अभिनंदन बाकीच्यांनी केलंच असेल, मी त्यात वेळ घालवत नाही. आपल्या कॅथलिक शाळेच्या प्रिन्सिपल सिस्टरांची बदली झाली, मॅनेजमेंटने तुझं नाव पुढे केलं आणि तू विचारतेयस की सिनियर चौघीजणी असताना मी त्या खुर्चीत कशी बसू, शिवाय मी प्रापंचिक, सिस्टरांसारखी व्रतस्थ नाही, आणि मग शेवटी हळूच, जाता जाता, सगळे म्हणतायत ऑफिसचं काम वाढेल, आठवीचे गणिताचे तास सोडून दे. मला राग आला तो या शेवटच्या वाक्याचा. आधीचं पटकन उरकते.

कायद्याने तुझी नेमणूक पक्की आहे. आपल्या राज्याच्या 1977 च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याच्या कलम 3 मध्येच आपल्यासारख्या अल्पसंख्याक शाळेच्या मुख्याध्यापकाची निवड त्या नियमांतून बाहेर ठेवलीय. 2006 साली केरळच्या मलंकारा सिरियन कॅथलिक कॉलेजच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की घटनेच्या कलम 30 प्रमाणे प्रिन्सिपल निवडायचा हक्क अल्पसंख्याक संस्थेचा, सिनियॉरिटी त्याच्या आड येत नाही. पण हे त्या चौघींना दाखवायला जाऊ नकोस हं. खुर्ची कायद्याने मिळते, स्टाफरूममध्ये मान मिळायला त्यांच्यासारखाच खडू हातात घेऊन वर्गात जावं लागतं. आणि प्रापंचिक असण्याचं काय घेऊन बसलीस, 1982 साली रोमने, म्हणजे आपल्या चर्चच्या मुख्यालयाने, शाळांतल्या प्रापंचिक कॅथलिकांसाठी स्वतंत्र पत्रक काढलं, तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. झालं ते.

आता तासाचं. तास सोडायचा नाही. रोज एक तास, एक तुकडी, तुझं नाव टाइमटेबलवर, तुझ्या सहीचे पेपर.

का ते ऐक. मी प्रिन्सिपल असताना एका वर्षी सहावीच्या एका तुकडीबद्दल सगळ्या टीचर्स एकच सांगायच्या, पोरं तोंड उघडत नाहीत, घरी पुस्तक हातात धरत नाहीत. ऑफिसात बसून मी काय केलं असतं, पालकांना चिठ्ठ्या, मीटिंग, फार तर एक सर्क्युलर. पण त्या तुकडीवर माझा मराठीचा तास होता. एकेकाला उभं करून धडा वाचायला लावला तर पोरं नुसते ओठ हलवायची, आवाजच नाही. आणि धडा कळलेला असायचा, प्रश्न विचारला की उत्तर बरोबर. मग एकीला मधल्या सुट्टीत जवळ बसवून विचारलं तर म्हणाली, टीचर, पप्पांची रात्रपाळी असते, दिवसा झोपतात, मोठ्यांदा वाचलं की आई मारते. एका खोलीचं घर, बाप रात्रभर यंत्रमागावर उभा, आई दाराशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली, हजार विड्या व्हायच्यात म्हणून मान वर करायला फुरसत नाही, त्या घरात मोठ्यांदा वाचणं म्हणजे बापाची झोप मोडणं. अर्ध्या वर्गाची तीच गत निघाली. मग आम्ही शाळा भरायच्या आधी अर्धा तास ग्राउंडवर लिंबाखाली मोठ्यांदा वाचायचं सुरू केलं, अक्षरशः ओरडून. दिवाळीपर्यंत पोरं उभी राहून वाचायला लागली.

हे मला कुठल्या फॉर्ममधून कळलं असतं सांग? चांगल्या टीचर्स होत्या त्या, त्यांनाही नाही कळलं, कारण त्यांना पोर्शन संपवायचा होता. मला थांबायला सवड होती आणि थांबायचा अधिकारही होता. म्हणूनच प्रिन्सिपलने वर्गात पाहिजे.

आणि हे माझ्या मनाचं नाही. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या 1599 च्या शिक्षण-नियमावलीत शाळेच्या प्रीफेक्टने, म्हणजे अभ्यासावर देखरेख ठेवणाऱ्याने, दर पंधरा दिवसांनी तरी प्रत्येक शिक्षकाचा तास ऐकावा असं आहे. गरीब मुलांसाठी शाळा काढणाऱ्या डॉन बॉस्को या इटलीतल्या धर्मगुरूने मे 1884 मध्ये रोमहून आपल्या तुरिनच्या माणसांना लांबलचक पत्र लिहिलं, त्यात दुःख हेच की वरिष्ठ आता सुट्टीच्या वेळी मुलांत मिसळत नाहीत. व्हॅटिकन परिषदेची, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेची, 1965 ची शिक्षणाची घोषणा वाच, त्यात गरीब मुलं, घरची माया न मिळालेली मुलं, आपल्या श्रद्धेची नसलेली मुलं यांची खास काळजी घ्या म्हटलंय. आता सोलापुरात आपल्या वर्गांत बस आणि बघ कोण आहेत ते. साखर पेठेतली, अशोक चौकातली, घरी तेलुगू, गल्लीत कन्नड नाहीतर दखनी, शाळेत मराठी आणि इंग्रजी. ती काळजी केबिनच्या काचेतून घेता येत नाही गं.

मला लोक खूप बोलले. मॅडम ऑफिसात सापडत नाहीत. पालक ताटकळतात. एकदा एक साहेब तपासणीला आले आणि माझा तास चालू होता, मी निरोप पाठवला की बसा, चहा घ्या, तास संपला की येते. साहेबांनी शेरा मारला, मॅनेजमेंटने मला बोलावून घेतलं, आणि मी तेव्हा जे सांगितलं तेच आजही सांगते की मोठ्या डॉक्टरने पेशंट तपासायचे सोडले तर तो हॉस्पिटलचा मॅनेजर उरतो. माझं एकही रेकॉर्ड अपुरं राहिलं नाही. हेडक्लार्कवर विश्वास टाकला, दाखल्यांच्या सह्या दुपारी ठरलेल्या वेळेला केल्या, बाकी संध्याकाळी बसून संपवलं. घरच्यांनी सोसलं, ते खरंय. तरी मी बरोबरच होते.

तुझ्या वेळी कागद आणखी वाढलेत मला माहितीये, यू-डायस आणि सरलवर शाळेची माहिती भरणं, मुलांची आधार जुळवणी, अपार आयडी, शिक्षकांच्या पदांची संचमान्यता. पण तू तास सोडलास तरी ही यादी संपणार नाहीये. सोडलेल्या तासात आणखी एक मीटिंग येऊन बसेल आणि पुढच्या वर्षी तास परत माग म्हटलं तर कुणी देणार नाही. तो ऑनलाइन लीडरशिपचा कोर्स करतेयस ना, कर, पण रात्री कर, तासाच्या बदल्यात नको.

एक रुखरुख आहे तेवढी सांगते. तेलुगू नीट शिकायचं राहून गेलं माझं. आया यायच्या, भडाभडा बोलायच्या आणि मी शिपाईमामांच्या तोंडाकडे बघत बसायची की काय म्हणाली ते सांगा. अर्धं त्यातच गळून जायचं. तू तरुण आहेस, गणिताचं डोकं आहे, शीक. त्या चौघींपैकी कुणाला तेलुगू येत असेल तर तिच्याकडेच शीक, तुमच्यातला ताणही कमी होईल.

आता नीट ऐक. पहिला तास घेऊ नकोस, तेव्हा गेटवर उभं राहायचं असतं आणि दाखला मागणारेही तेव्हाच येतात. तिसरा घे. मार्चपासून उन्हामुळे शाळा सकाळची होते तेव्हा सगळे म्हणतील आता राहू दे मॅडम, राहू द्यायचं नाही. आणि हुशार तुकडी स्वतःकडे ठेवू नकोस, जी कुणाला नको असते ती माग. जूनच्या आधी टाइमटेबल बसवतील तेव्हा तू स्वतः तिथे हजर राहा आणि बाकी कुणाचंही नाव लिहायच्या आधी तुझं लिहायला लाव. झालं की त्याचा फोटो पाठव मला, सह्याबिह्या झालेला, कच्चा नको.

तुझी टीचर